शिरूरचा फिरता पेपर

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी पेपरवाल्यांनी जानेवारीत मामांना दिली होती, एजंट म्हणून. मामांनी तिच्यात एक अक्षर लिहिलं नाही. दहा महिने देव्हाऱ्याखालच्या फळीवर पडून होती, आज मी काढली. कुणाशी तरी बोलायला पाहिजे, आणि पहाटे पाचला शिरूरच्या बस स्टँडवर कुत्र्यांशिवाय कुणी नसतं.

मामा म्हणजे माझे सासरे, वीरण्णा. अडतीस वर्षं शिरूर अनंतपाळात पेपर टाकतात. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी सायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं. तीन महिने पाय टेकायचा नाही. मी दवाखान्यात होते तेवढे आठ दिवस अमरेशनं पेपरची लाइन टाकली आणि आठही दिवस फोनवर रडला. (डायरीत नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाची भीती?) तो उदगीरच्या डाळमिलीत कामाला आहे, आठच्या गाडीनं जातो, आणि सातच्या आत उठणं त्याच्या नशिबात लिहिलेलं नाही. म्हणून आजपासून मी.

पेपरच्या गाडीनं गठ्ठा टाकला. एक्केचाळीस अंक. पुरवण्या भरायच्या, घडी घालायची, स्कूटीच्या पुढ्यात ठेवायचे आणि निघायचं. ऐकायला सोपं आहे. भीमाशंकर गुरुजींचा पेपर मी गेटावरून फेकला तो थेट हौदात. सातला परत तिकडून आले तर गुरुजींनी पेपर तारेवर वाळत घातलेला, चिमटे लावून. मला बघून म्हणाले, "उद्या जरा डावीकडं." बस. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक घोटाळा केला. मामांनी सांगितलेलं कोपऱ्यातलं लिहायला विसरले.

आमच्या गावात एक पेपर चार घरं फिरतो. हे मामांनीच लावून दिलंय. ज्याच्या नावावर पेपर असतो तो नऊपर्यंत वाचतो, मग पुढच्याला नेऊन देतो, तो त्याच्या पुढच्याला. पुढं कुठं जायचं ते मामा कोपऱ्यात पेनानं लिहितात. स्टँडवरच्या हॉटेलच्या पेपरवर "स, कि, ना" असतं. म्हणजे हॉटेलातून सलूनमध्ये, सलूनमधून किशन टेलरकडं, आणि दुपारी किशन टेलरकडून नागाबाईकडं. नागाबाईच्या पुढं कुणी नाही, पेपर तिथंच मुक्कामाला. याला गावात फिरता पेपर म्हणतात.

अक्षरं नव्हती म्हणून सकाळपासून पाच जण दारात. पेपर कुणाला द्यायचा? वर्षानुवर्षं त्याच माणसाला देत आलेत, तरी विचारायला येतात. मामा खाटेवरून एकेकाला सांगत बसले. खुशीत होते. मला तर हे सगळं खूळ वाटतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

लातूरहून मृत्युंजय साहेब आले. पेपर कुठं किती खपतो हे बघायचं त्यांचं काम. भला माणूस. मामांसाठी मोसंब्या आणल्या, पायाची चौकशी केली, चहा बशीत ओतून प्यायले आणि मग मुद्द्यावर आले.

शिरूरला एक्केचाळीसच अंक जातात. तेवढ्यासाठी गाडी नळेगावहून आत वळवणं वरच्यांना पटत नाही. एकतीस डिसेंबरपर्यंत साठ झाले तर गाडी येईल. नाही झाले तर एक जानेवारीपासून ती सरळ उदगीरला जाणार. दुसरे दोन पेपर करोनात यायचे थांबले ते थांबलेच. म्हणजे हा गेला की शिरूरात छापलेला कागद येणार नाही.

मामा म्हणाले, "साहेब, माझा पाय तर नीट होऊ द्या." साहेब खाली बघत म्हणाले, "अप्पा, माझ्या हातात असतं तर." ते गेल्यावर मामा भिंतीकडं तोंड करून पडले. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, ह्या माणसाला दिवसा भिंतीकडं तोंड केलेलं मी पाहिलेलं नाही. संध्याकाळची लिंगपूजासुद्धा त्यांनी पडल्या पडल्याच उरकली.

अमरेश म्हणाला, "जाऊ दे की. सगळं मोबाईलवर येतंय आता. आबांची हौस होती, झाली." मी म्हटलं, तू मोबाईल बंद कर, मी पेपर बंद करते.

एकोणीसच तर अंक पाहिजेत. मी करून दाखवते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस फिरले आणि दुखणं सापडलं. गावात पेपर वाचणारे कमी नाहीत. मी घरं मोजली. एक्केचाळीस अंक एकशे सत्तावन्न घरांत वाचले जातात! मग नवा कोण कशाला घेईल? फुकट दारात येतोय.

मामांना सांगितलं, फिरता बंद करते. ज्याला वाचायचंय त्यानं आपला घ्यावा.

मामा म्हणाले, "मोडू नको ते."

"का पण?"

"मोडू नको म्हणलं ना."

एवढंच. कारण सांगायचं नाही. माझं डोकं फिरलं. मी बोलून गेले, तुम्हीच लोकांना फुकटची सवय लावली, म्हणून ही वेळ आली. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. जेवण वाढताना त्यांच्याकडं बघवेना. त्यांनीच विचारलं, "आज काय छापलंय पेपरात?" मी म्हटलं, "मामा, मला कुठला वेळ? टाकायचा का वाचायचा?" ते हूं म्हणाले आणि भाकरी कुस्करत बसले.

अडतीस वर्षं पेपर विकला पण धंदा काही कळला नाही त्यांना. हे मी इथंच लिहिते, तोंडावर नाही बोलणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून कोपरे कोरे. हॉटेलवाल्याला, सलूनवाल्याला, सगळ्यांना सांगितलं, पेपर पुढं द्यायचा नाही. कंपनीचा नियम आला म्हटलं. थोडं खोटं बोलावं लागतं.

किशनकाकांचं दुकान सलूनच्या बोळीत. साठी उलटलेला माणूस, बायको जाऊन दहाएक वर्षं झाली असतील, शर्ट-पँट सोडून दुसरं शिवत नाही. मी सांगितलं तर मशीन थांबवून म्हणाले, "मग नागाबाईला काय देऊ मी?"

"तुम्ही कशाला द्यायचं? तिचा तिला येईल."

"दुपारी द्यायचो मी."

"काका, तुमच्या दुकानापासून तिची गल्ली किती लांब. उन्हातान्हात जाता, दुकान बंद ठेवता. आता ती कटकटच मिटली."

ते म्हणाले, "कटकट नव्हती." मग टेप गळ्यातून काढली, परत घातली. शेवटी स्वतःसाठी एक अंक लाव म्हणाले. मी लगेच नाव लिहून घेतलं. बघा, बोललं की होतं!

नागाबाईच्या मुलाला, व्यंकटला, पुण्याला फोन लावला. आईसाठी पेपर लावता का? लगेच हो म्हणाला, वर्षभरासाठी. "आईला लई नाद हाय पेपरचा," म्हणाला, "फोन केला की तेच सांगत असती, आज असं छापलंय, तसं छापलंय." एका दिवसात दोन. त्रेचाळीस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नागाबाईचा पेपर मी फेकत नाही, हातात देते. एकटी बाई, सकाळी उठून अंगण झाडत असते. पहिल्या दिवशी पेपर दोन्ही हातांनी घेतला. आज विचारलं, "किशनला पण येतो का गं आता?" हो म्हटलं, त्यांचा त्यांना, तुमचा तुम्हाला. "बरं झालं," म्हणाली आणि परत झाडायला लागली.

व्यवस्थित बाई आहे. आतल्या पेटीवर आधीच्या तिन्ही दिवसांचे पेपर एकावर एक ठेवलेले, घडी सुद्धा मोडलेली नाही. लोक पेपराचा कसा बोळा करतात आणि ही वाचूनही जशीच्या तशी घडी घालते. असं गिऱ्हाईक पाहिजे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

त्रेपन्न.

उगीच झाले नाहीत. एका एका घरात तीन तीनदा चहा प्यायलेय, पित्त झालंय मला. काहींनी सरळ नाही म्हटलं. पिठाच्या गिरणीत दळणाला आलेल्या बाया पेपरातली रेसिपी वाचायच्या, ते बंद झालं म्हणून गिरणीवाली माझ्याशी बोलत नाही. पण ती स्वतः घेत पण नाही. गुरुजींचा पेपर अकराला त्यांच्या शेजारचा एक म्हातारा न्यायचा. आता गुरुजी म्हणतात, "तो येत न्हाई, तर वाचून झाल्यावर बोलायलाच कुणी न्हाई." मी म्हटलं, गुरुजी, निवांत वाचा की मग.

किशनकाका मात्र सुधारले. पूर्वी दुपारी एकला शटर ओढायचे ते दोन-अडीचला उघडायचे. हल्ली मी कधीही जाऊ दे, दुकान उघडंच. कामसू झाले. आज पेपर तसाच मशीनवर होता, म्हटलं वाचला नाही का, तर म्हणाले, "वाचतो की. एकट्यानं वाचायला किती वेळ लागतोय?"

७ डिसेंबर, रविवार

सत्तावन्न. थंडी मरणाची. हातमोजे घातले की पेपर निसटतो, काढले की बोटं कामातून जातात. आज अमरेश आपण होऊन पाचला उठला आणि चहा करून दिला. चहा फार वाईट होता. मी सगळा प्यायले.

मामा आता वॉकर धरून दारापर्यंत येतात. मी निघते तेव्हा तिथं उभे असतात. पेपरांच्या गठ्ठ्याकडं बघतात, मग माझ्याकडं. एकदा वाटलं काही मागतायत. विचारलं, काही पाहिजे का? "काही न्हाई, जा तू. उशीर होतोय."

१५ डिसेंबर, सोमवार

साठ!

साठावा पशुवैद्यकीय दवाखान्यातला नवा डॉक्टर. नाव विचारायच्या आत मी पावती फाडली. स्कूटी घरापर्यंत कशी आणली देव जाणे. मामा अंगणात खुर्चीवर होते. ओरडूनच सांगितलं, मामा, साठ झाले, गाडी येणार.

त्यांनी मान हलवली. हसले पण. मग म्हणाले, "पण वाचतंय कोण, पोरी?"

"म्हणजे?"

"आधी दीडशे घरं वाचायची. आता साठ."

मी आत आले आणि रडले. स्वयंपाकघरात, नळ सोडून. दीड महिना पहाटे उठून हाडं गोठवली, आणि ह्या माणसाला शाबास म्हणता येत नाही. बोलणार नाही मी त्यांच्याशी.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज येळवस. आमच्याकडं ह्या अमावस्येला अख्खं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत लक्ष्मी मांडायची, पूजा करायची, आंबील प्यायची, सगळ्या भाज्या एकत्र केलेली भज्जी खायची. ज्याला शेत नाही त्याला दहा जण बोलावतात. पहाटे पेपर टाकले तेव्हा घराघरांत चुली पेटलेल्या, आणि दहाला बघितलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मामांना शेतात नेता येत नव्हतं. मी थांबले, अमरेश आमच्या लेकीला, दामिनीला, घेऊन पुढं गेला. मामा म्हणाले, "नागाबाईला भज्जी नेऊन दे. ती जाणार न्हाई कुणाकडं." चार दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, पण सणाच्या दिवशी नाही कसं म्हणावं. डबा आणि आंबिलीची बाटली घेऊन गेले.

नागाबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. मला आत बोलावलं. पेटीवर पेपर, महिन्याचा पुरता थर, वर टॉवेल झाकलेला. मी सहज वरचा उचलला. पुरवणी आत तशीच, मी भरलेली. खालचा उचलला, तोही तसाच. एकाचीही घडी उघडलेली नाही.

मी म्हटलं, "मावशी, वाचला नाही का हो?"

"मला कुठं वाचाया येतंय, बाई?"

म्हटलं, मग फिरता पेपर यायचा तेव्हा?

"किशन वाचायचा. तो तिथं ओट्यावर बसायचा, मी हितं आत. बाजारभाव, पाऊस, कुणाच्या पोरीला नोकरी लागली, नवरा-नवरी पाहिजे ते सगळं. खून-मारामाऱ्या गाळायचा. मला कळायचं, मधीच थांबला की काहीतरी वंगाळ हाय." हसली. "माझे मालक गेले तवा चार महिने मी कुणाशी बोललेच न्हाई. तुझ्या सासऱ्यानं किशनला सांगितलं, तुझ्याकडचा पेपर दुपारी नागाबाईला नेऊन देत जा, आणि तिला येत न्हाई, तर वाचून दाखव. सा वर्षं झाली. एक दिवस खाडा न्हाई."

"मग आता का येत नाहीत?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच लहान. "कशाला येईल गं? त्याचा त्याला येतो, माझा मला. एकट्या बाईच्या दारात माणूस उगंच कसा येईल? पेपर होता म्हणून येत होता. लोकं बी काय म्हणत नव्हती, पेपर द्यायला आलाय म्हणायची."

"तुम्ही मला सांगायचं ना."

"काय सांगू? किशनचा बंद कर म्हणू?" शेंगांची टरफलं पदरात गोळा करत म्हणाली, "व्यंकट फोनवर विचारतो, आई, काय छापलंय आज. मी आपलं कायतरी जोडून सांगते."

तिथंच बसून मी तिला पहिलं पान वाचून दाखवलं. दोन बातम्या झाल्या. म्हणाली, "राहू दे बाई, तुला शेतात जायचंय. तुझं वाचणं लई भरभर हाय."

घरी आले. मामांना म्हटलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? मामा म्हणाले, "कुणाच्या घरातलं असं बोलून दाखवायचं नसतं, पोरी. म्हणून मोडू नको म्हणलं." शेतात गेले नाही.

२० डिसेंबर, शनिवार

पहाटे सगळ्या कोपऱ्यांत अक्षरं लिहिली. मामांनी खाटेवरून सांगितली, मी लिहिली. तासभर उशीर झाला, गाव जागं व्हायच्या आत काही पोचलं नाही.

मग किशनकाकांच्या दुकानात गेले. ह्यांचा अंक बंद केला की साठाचे एकोणसाठ होणार, आणि अकरा दिवस राहिलेत. दारात उभी राहून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय गं, काय हरवलं का?"

"काका, उद्यापासून तुमचा पेपर बंद."

"का? काय चुकलं माझं?"

"तुमचं काही नाही. तुमचा पेपर मी आता नागाबाईकडं टाकते असं समजा. वाचायचा असेल तर तिकडं जाऊन वाचायचा. तिला वाचता येत नाही आणि मला रोज वेळ नाही."

काकांनी सुईत दोरा ओवायला घेतला. ओवलेलाच होता तो. मग म्हणाले, "किती वाजता जावं?"

"पूर्वी जायचात तेव्हाच."

"एकला," म्हणाले. "एकला बरं असतं. तिचं जेवण झालेलं असतं."

मी म्हटलं, काका, माझी चूक झाली. ते म्हणाले, "तू पेपर जगवायला बघत होतीस." माझ्याच्यानं तिथं थांबवेना.

२३ डिसेंबर, मंगळवार

मुद्दाम एक वाजता नागाबाईच्या गल्लीतून स्कूटी नेली. काका ओट्यावर, ती आत. काका पेपराच्या नावापासून सुरू करतात, मग तारीख, मग वार. "मंगळवार," ते म्हणाले. आतून आवाज आला, "मंगळवार म्हाईत हाय मला. फुडं वाच."

काकांच्या अंगात नवा कोरा सदरा होता. मी संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाइकाचं कापड उरलं होतं. एवढं अख्ख्या सदऱ्याचं कापड उरतं होय? माणसं कशाला खोटं बोलतात कळत नाही. पण दोघांचं अगदी बहीण-भावासारखं आहे, बघून बरं वाटलं.

२८ डिसेंबर, रविवार

एकोणसाठच. चार दिवसांत तेवीस घरं फिरले. सगळीकडं एकच उत्तर, फिरता परत चालू झाला ना, मग वेगळा कशाला? गिरणीवाली मात्र बोलायला लागली. गुरुजींचा म्हातारा अकराला हजर. सगळं गाव खूश, आणि गुरुवारी गाडी येणार नाही.

किशनकाकांचं नाव पुन्हा लिहिलं तर साठ होतात. एक क्षण मनात आलं, नाही कशाला म्हणू. पैसे मी भरावेत, पेपर कुणाला न देता ठेवावा. मामांना विचारलं. ते म्हणाले, "न वाचलेला पेपर मोजायचा असला तर आधीच बंद केला असता मी." मग तोही विचार सोडला.

३१ डिसेंबर, बुधवार

मृत्युंजय साहेब अकराला आले. मी यादी दिली. त्यांनी बोट ठेवून नावं मोजली. मग परत मोजली. मला वाटलं आता चुकून साठ निघतील. नाही निघाले.

"वहिनी, अठरा वाढवलेत तुम्ही. दुसऱ्या कुठल्या गावात असं झालं नाही. पण मला वर आकडा दाखवावा लागतो." खरंच वाईट वाटत होतं त्यांना.

मामा वॉकर टेकत बाहेर आले. खुर्चीत बसायलाच त्यांना दोन मिनिटं लागली. सगळे थांबलो.

"साठ हाईत," मामा म्हणाले. "एक नाव राहिलं. वीरण्णा. लिही पोरी."

साहेब हसले. "अप्पा, एजंटाला नाही धरता येत. एजंटाचा अंक वेगळा असतोय का कुठं?"

"एजंट कोण हाय?"

"तुम्हीच की."

"ह्या दोन महिन्यांत मला स्टँडवर बघितलं का कुणी? गाडीवाल्याला विचारा, गठ्ठा कोण उचलतंय. एजंट ह्या हाईत." हातानं माझ्याकडं दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ह्या म्हणाले. "अडतीस वर्षं स्टँडच्या दिव्याखाली लोकांचा पेपर उघडायचा, वाचायचा आणि परत तशीच घडी घालून टाकायचा. पडल्यापास्नं दोन महिने एक अक्षर वाचलं न्हाई. मला माझा पेपर पाहिजे, साहेब. मी गिऱ्हाईक हाय."

मला एकदम ते दारात उभे राहायचे ते आठवलं. काही पाहिजे का विचारलं होतं मी, आणि निघून गेले होते. तोंड फिरवून डोळे पुसले.

साहेबांनी बॅगेतून फॉर्म काढला. एजन्सी नावावर करायची तर आधार लागेल म्हणाले. मी आधार कार्ड शोधायला आत गेले आणि पाच मिनिटं सापडलं नाही, हातातच होतं.

१ जानेवारी, गुरुवार

डायरीची पानं कालच संपली. शेवटी टेलिफोन नंबर लिहायची कोरी पानं आहेत, त्यावर लिहितेय.

गाडी पाचला पाच कमी असताना आली. साठ अंक. साठावा आमच्याच घरी, सगळ्यात शेवटी. मामा अंघोळ करून, विभूती लावून अंगणात खुर्चीवर तयार. मी स्कूटी लावली, पेपर नेऊन हातात दिला. घड्याळ बघून म्हणाले, "पावणेसात. बाकीच्यांना बी असाच उशिरा देता का?" मी म्हटलं, तक्रार असेल तर लातूरला फोन करा.

पाऊण तास वाचत होते. चष्मा वर-खाली, पान उलटायचं, परत मागं यायचं. मी भाकरी थापत खिडकीतून बघत होते. मग हाक मारली. गेले तर पेपराची घडी घालून माझ्यापुढं धरलेला.

"कुणाला द्यायचाय?" मी विचारलं. "कोपऱ्यात तर काही लिहिलं नाही तुम्ही."

"बघ की."

कोपऱ्यात पेनानं बारीक "व" लिहिलं होतं. मी म्हटलं, व म्हणजे कोण, तुम्ही सोडून आपल्या गल्लीत व नावाचं तर कुणी नाही. मग लक्षात आलं, माझ्याच नावाचं पहिलं अक्षर.

दोन महिने रोज पेपर माझ्या हातातून गेले, मी एकदासुद्धा उघडून बसले नव्हते. त्याच्याही आधी कधी बसले होते आठवत नाही. लग्नाच्या आधी, उदगीरला, बारावीला असताना असेल. मी पायरीवर बसले. पहिलं पान उघडलं. तव्यावर भाकरी होती ती राहिलीच.

आतून अमरेशची हाक आली, डबा झाला का, आठची गाडी जाईल. मी उठायला लागले तर मामांनी वॉकर आडवा धरला.

"अमरेश," ते म्हणाले, "आज तुझा तू भर. ती पेपर वाचतीय."